हशा पिकण्याच्या जागा : मुंबईची नाट्यगृहे, हास्यगृहे आणि मराठी भाषा

नगरवासी मनुष्य दिवसभराचे काम आटोपून सायंकाळी करमणुकीसाठी घराबाहेर पडतो, तेव्हा तो केवळ एका वास्तूत प्रवेश करीत नाही. तो एका विशिष्ट भाषाव्यवहारात प्रवेश करीत असतो. कोणी बोलावयाचे, कोणी ऐकावयाचे, कोणाला कोणत्या सर्वनामाने संबोधावयाचे, हसणे कोठे अपेक्षित आहे आणि कोठे अनुचित, याचे संकेत त्या वास्तूच्या भिंतीइतकेच पक्के असतात. मुंबईत आज अशा दोन प्रकारच्या वास्तू शेजारी शेजारी नांदत आहेत. एक म्हणजे नाटकाचे प्रेक्षागृह, आणि दुसरी म्हणजे गेल्या दीड दशकात रुजलेले ‘कॉमेडी क्लब’ या नावाचे स्थळ, जेथे एकच वक्ता हाती ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहतो आणि श्रोत्यांना हसवितो. या दोन वास्तूंचा मराठीच्या बोलीव्यवहाराशी कोणता संबंध आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. नावांचा विचार

प्रथम नावे पाहू. नाटकाच्या वास्तूला मराठीत ‘नाट्यगृह’, ‘नाट्यमंदिर’, ‘रंगमंदिर’, ‘थिएटर’ आणि ‘हॉल’ असे पाच शब्द आहेत. परंतु ते परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. संस्कृतात ‘मंदिर’ म्हणजे निवासस्थान. मराठीत त्याचा अर्थ देवालयापुरता संकोचला, आणि नंतर ‘विद्यामंदिर’, ‘रंगमंदिर’ अशा समासांतून आदराची छटा घेऊन तो पुन्हा विस्तारला. दादरचे श्रीशिवाजी मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर, पुण्याचे १९६८ साली सुरू झालेले बालगंधर्व रंगमंदिर ही नावे या आदराची साक्ष देतात. याउलट ‘थिएटर’ हा शब्द मराठीत चित्रपटगृहासाठी रूढ झाला, आणि दुसरीकडे तमाशाच्या बारीचे ठिकाण म्हणूनही. गिरणगावातील हनुमान थिएटर हे या दुसऱ्या अर्थाने ‘थिएटर’ होते. एकाच शहरात मध्यमवर्गाचे नाटक मंदिरात होई आणि कामगारांचा तमाशा थिएटरात होई, ही शब्दांची विभागणी समाजाच्या विभागणीला अनुसरूनच पडली आहे.

‘कॉमेडी क्लब’ या नव्या स्थळाला मात्र अद्याप मराठी नाव मिळालेले नाही. ‘हास्यक्लब’ हा शब्द सहज सुचण्याजोगा. परंतु ती जागा आधीच भरलेली आहे. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका उद्यानात सकाळी एकत्र जमून हसण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हापासून ‘हास्यक्लब’ म्हणजे आरोग्यासाठी हात उंचावून हसणारा प्रभातसमूह, असा अर्थ स्थिर झाला आहे. त्या उपक्रमाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. आरंभी तेथे विनोद सांगून हसविले जाई. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, काही सभासदांना उरलेले विनोद खुपू लागले, आणि अखेर विनोद वगळून निव्वळ हसणे तेवढे ठेवण्यात आले. विनोदावाचून हसण्याची जागा आणि विनोदाने हसविण्याची जागा यांत घोटाळा होऊ नये म्हणून प्रस्तुत लेखात दुसऱ्या जागेस ‘हास्यगृह’ असे म्हटले आहे.

हसण्याविषयीच्या मराठी वाक्प्रचारांतही एक भेद दिसतो. टाळ्या ‘पडतात’, पण हशा ‘पिकतो’. टाळी ही वरून येणारी दाद, तर हशा हे जमिनीतून उगवणारे पीक. पीक म्हटले की जमीन आली, पेरणी आली आणि हंगामही आला. हशा कोणत्या जमिनीत पिकतो, या प्रश्नाकडे वळण्यास हा वाक्प्रचारच वाट करून देतो.

२. प्रेक्षागृहाचा आकार

प्रेक्षागृह केवढे असावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे आकार सांगितले असून मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप विहित केला आहे. त्याचे कारणही तेथे दिले आहे. मंडप याहून मोठा झाल्यास उच्चारलेले शब्द अस्पष्ट होतात आणि मुद्रेवरील भाव दिसत नाहीत. सहाव्या अध्यायात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना दोन दोन वाटून दिले आहेत. हे दोन अध्याय एकत्र वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. स्मित हे जवळूनच दिसते आणि जवळच पसरते. दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचावयाचे तर हास्याला अतिहसिताच्या दिशेने जावे लागते. म्हणजे सभागृहाचा विस्तार हा विनोदाची जातही ठरवितो.

मुंबई-पुण्यातील प्रमुख व्यावसायिक नाट्यगृहांत सुमारे नऊशे ते हजार प्रेक्षकांची सोय असते. अशा सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोहोचवावयाचे असल्याने मराठी विनोदी नटाची वाचा स्पष्ट, लयबद्ध आणि किंचित फुगविलेली घडली. हशासाठी थांबण्याची जागाही तालमीतच निश्चित होते. याउलट मुंबईचे पृथ्वी थिएटर, जे १९७८ साली ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमीदिनीच, जुहू येथे सुरू झाले, ते सुमारे दोनशे प्रेक्षकांचे आहे, आणि तेथील रंगमंचाला प्रेक्षक तीन बाजूंनी वेढून बसतात. तेथे कुजबुज ऐकू येते. हास्यगृह बहुधा त्याहूनही लहान असते. छत खालचे, खुर्च्या दाटीच्या, प्रेक्षागृहात अंधार आणि प्रकाश वक्त्यावर. ही रचना केवळ काटकसरीची नव्हे. हास्य हे संसर्गजन्य असते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने मनुष्य एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सहवासात हसतो, असे निरीक्षण नोंदविले आहे. शेजाऱ्याचा खांदा हलला की आपले हसू सुटते. मधली खुर्ची रिकामी असली की ते अडते. दोनशे श्रोते हजारांच्या सभागृहात विखरून बसविले तर विनोद तोच असूनही हशा पिकत नाही, हे प्रत्येक व्यवस्थापकास अनुभवाने ठाऊक असते.

३. गिरणगावाची भूमी

हास्यगृह हा पाश्चात्त्य प्रकार होय. लॉस एंजलिस येथे १९७२ साली आणि लंडनच्या सोहो भागात १९७९ साली ‘द कॉमेडी स्टोअर’ या एकाच नावाची दोन स्वतंत्र हास्यगृहे निघाली. लंडनच्या संस्थेची शाखा २०१० साली मुंबईत लोअर परळ येथे उघडण्यात आली. पुढे तिचे नाव बदलले. ज्या आवारात ती उघडली ते पूर्वीच्या फिनिक्स गिरणीचे आवार होते.

ही जागा योगायोगाने लाभली असली, तरी तिचा पूर्वेतिहास विसरण्याजोगा नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी या परिसरात भजन, दशावतार, नमन-खेळे, लोकनाट्य व तमाशा यांची एक समृद्ध रात्र निर्माण केली होती. परळचा दामोदर हॉल १९२२ पासून कामगार रंगभूमीचे केंद्र होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि या रात्रीचा आश्रयदाता नाहीसा झाला. हनुमान थिएटरातील तमाशा थांबला. दामोदर हॉलही २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आला. ज्या भूमीवर सोंगाड्याने पाटलाची फिरकी घेतली, त्याच भूमीवर पुढे इंग्रजी व हिंदी बोलणारा एकटा विनोदकार उभा राहिला. दोघांच्या कलेत मात्र वाटते त्याहून अधिक साम्य आहे. तमाशातील बतावणी ही लिहून ठेवलेली नसे. सोंगाड्या समोर बसलेल्यांचे कपडे, गावातील भांडणे, आलेली पाहुणेमंडळी यांवर तत्क्षणी कोटी करी. हास्यगृहातील वक्ता पुढच्या रांगेतील श्रोत्यास ‘काय काम करता?’ असे विचारून जे करतो ते याच जातीचे आहे. हजरजबाबीपणा हा दोहोंचा प्राण.

नाट्यगृहानेही ही कला सर्वस्वी टाकली नव्हती. विष्णुदास भावे यांच्या १८४३ नंतरच्या खेळांत सूत्रधाराबरोबर विदूषक येई आणि त्यांचे संभाषण ऐनवेळी रचलेले असे. पुढे पौराणिक खेळाच्या अखेरीस ‘फार्स’ जोडण्याची प्रथा पडली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यानंतर संहितेला प्रतिष्ठा लाभली आणि उत्स्फूर्त भाषण हळूहळू मागे पडले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या वगनाट्यात दादा कोंडके यांनी ते पुन्हा मध्यमवर्गीय नाट्यगृहात आणले. त्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात ताज्या घडामोडींवरील नवी वाक्ये ऐकू येत, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण होते. मराठीत नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणास ‘प्रयोग’ म्हणतात. तो शब्द अशा ठिकाणी पूर्णपणे सार्थ होतो.

४. एकपात्री आणि एकटा

हास्यगृहातील कलेस मराठीत ‘एकपात्री’ म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने सादर केली. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात पन्नासाहून अधिक पात्रे एकट्याने उभी केली. तथापि, या कलेचा व्याकरणिक पाया निराळा आहे. एकपात्री नट अनेक होतो. त्याचे मुख्य साधन प्रत्यक्ष संवाद. मान वळली की वक्ता बदलतो, स्वर बदलला की पिढी बदलते. हास्यगृहातील वक्ता मात्र ‘मी’च राहतो. त्याचे मुख्य साधन प्रथमपुरुषी निवेदन, आणि तेही बहुधा ‘मी जायचो’, ‘आई म्हणायची’ अशा रीतिभूतकाळातील. एकपात्री प्रयोगात वक्त्याच्या आड पात्र उभे असते. हास्यगृहात त्याच्या आड कोणीही नसते. म्हणून तेथील वाक्याची जबाबदारीही त्याच्या एकट्यावर येऊन पडते.

५. सर्वनामांचा पेच

मराठीत हास्यगृह चालवू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती सर्वनामांची. इंग्रजी वक्त्यास समोरच्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठी वक्त्यास ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून एक निवडावे लागते आणि निवड होताच नाते ठरून जाते. पुढच्या रांगेतील वीस वर्षांच्या मुलास ‘तू’ म्हटले तर सलगी होते. त्याच्या शेजारी बसलेल्या वडिलांस ‘तू’ म्हटले तर अपमान होतो. दोघांस ‘तुम्ही’ म्हटले की सभ्यता राखली जाते, पण अंतर वाढते. अनुभवी वक्ते या अडचणीचेच साधन करतात. अत्यादराने ‘तुम्ही’ म्हणत म्हणत टोपी उडविणे ही त्यांतील एक युक्ती होय.

याच्या उलट मराठीपाशी एक असे भांडवल आहे जे इंग्रजीपाशी नाही, आणि हिंदीतही सर्वनामाच्या रूपाने नाही. प्रथमपुरुषी अनेकवचनाची मराठीत दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये श्रोता वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. ‘आम्ही मुंबईकर असेच असतो’ या वाक्यात बढाई किंवा तक्रार आहे. ‘आपण मुंबईकर असेच असतो’ या वाक्यात कबुली आहे, आणि त्या कबुलीत श्रोताही भागीदार होतो. त्याखेरीज ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे, आणि मुंबईच्या बोलीत ‘आपण नाही कुणाला घाबरत’ अशा वाक्यात ते ऐटबाज ‘मी’ही होते. एकच शब्द समूह, समोरचा आणि स्वतः या तिघांवर रोखता येत असल्याने विनोदकाराच्या हाती तो एक फिरता आरसाच ठरतो. उपहास इतरांचा चालला आहे असे वाटत असतानाच तो आपल्यापर्यंत येऊन ठेपतो, ही किमया बहुशः या सर्वनामाची असते.

दुसरी अडचण पदक्रमाची. विनोदातील कलाटणीचा शब्द वाक्याच्या अखेरीस यावा अशी अपेक्षा असते. मराठीत वाक्याच्या अखेरीस क्रियापद बसलेले असते. महत्त्वाचा शब्द त्याच्या लगेच आधी येतो, आणि मागून येणारे क्रियापद त्याची धार बोथट करते. ‘माझ्या भावाला मुंबईत स्वप्नात स्वतःचं घर मिळालं’ हे वाक्य माहिती देते, हसवीत नाही. ‘माझ्या भावाला मुंबईत स्वतःचं घर मिळालं. स्वप्नात.’ येथे क्रियापदाने वाक्य पुरे झाल्याचा भास होतो, श्रोता निष्कर्षास पोहोचतो, आणि मग एक सुटे पद येऊन तो निष्कर्ष मोडते. इंग्रजी विनोदाचे शब्दशः भाषांतर मराठीत निष्प्रभ होते ते कल्पना परकी असते म्हणून नव्हे, तर पुष्कळदा क्रियापद आडवे येते म्हणून. ज्यांनी मराठीतच विचार केला आहे ते हा विराम सहज साधतात.

६. कोणाला हसावयाचे

आता या विषयातील खऱ्या प्रश्नाकडे वळू. मराठी रंगभूमीवर दीर्घकाळ बोली ही गौण पात्रांची भाषा होती. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलत. घरगडी, हवालदार, खेडूत यांनी बोलीत तोंड उघडले की हशा पिके. हशा उक्तीला नव्हे, उच्चाराला असे. गंगाराम गवाणकर लिखित आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेले ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० साली आले आणि त्याने हे गणित उलटे केले. तेथे मालवणी ही सर्वांचीच भाषा आहे. कोकणातील एका गावात द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसविताना उडणारी तारांबळ हा त्याचा विषय असल्याने, हास्यास्पद ठरतात ते मालवणी माणसाच्या तोंडी न बसणारे पौराणिक नाटकाचे भारदस्त संवाद. प्रेक्षक मालवणीला न हसता मालवणीतून हसू लागला. पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेल्या या नाटकाने बोलीच्या प्रतिष्ठेसाठी जे साधले, ते अनेक व्याख्यानांनी साधले नसते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाने मराठवाड्याच्या बोलीसाठी तेच कार्य केले. शीर्षकातील ‘वऱ्हाड’ हा प्रदेश नव्हे, लग्नाचे वऱ्हाड होय, हे येथे नमूद केले पाहिजे.

मुंबईच्या हास्यगृहांत आज प्रमाण मराठीचीच गत पूर्वीच्या मालवणीसारखी होऊ पाहत आहे. तेथील प्रमुख व्यवहारभाषा इंग्रजीमिश्रित हिंदी आहे. तीत मराठी येते ती बहुधा वाहक, हवालदार, घरकाम करणारी बाई किंवा चाळीचा मालक यांच्या तोंडचे एखादे वाक्य म्हणून, आणि हशा पुन्हा उक्तीला नव्हे तर उच्चाराला मिळतो. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. जी भाषा निवेदकाची नसते ती पात्राची होते, आणि जी केवळ गौण पात्राची उरते ती नक्कलेची होते, हा रंगभूमीचा जुना नियम आहे. तो मोडावयाचा तर मराठी ही निवेदकाची भाषा झाली पाहिजे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘भारतीय डिजिटल पार्टी’ या उपक्रमाने व त्याच्या आगेमागे इतर तरुणांनी मराठी स्टँडअपचे जे कार्यक्रम केले, त्यांचे महत्त्व या दृष्टीने आहे. तेथे ‘मी’ मराठीत बोलतो.

परंतु त्याने बोलावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. हजार खुर्च्यांचे नाट्यगृह नवख्यास परवडत नाही, आणि तेथील तारखा व्यावसायिक नाटकांनाही पुरत नाहीत. अशा वेळी छबिलदासचे उदाहरण आठवावे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या सभागृहात प्रायोगिक नाटके केली आणि मराठी नाटकाच्या एका संपूर्ण पिढीची वाचा तेथे घडली. लहान सभागृह हे मोठ्या सभागृहाचे गरीब भावंड नव्हे. अपयश परवडणारी ती एकमेव जागा होय. विनोदाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. नाटककार आपले वाक्य तालमीत पारखतो. विनोदकाराला श्रोत्यांवाचून तालीमच नसते.

अशा जागा नाजूकही असतात. नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. ही व्यवस्था लिखित, स्थिर संहितेस अनुसरून कल्पिलेली आहे. जी उक्ती रोज बदलते तिला ही चौकट बसत नाही, आणि मग तिचा न्याय सभागृहाबाहेर होऊ लागतो. मार्च २०२५ मध्ये एका विडंबनगीतावरून मुंबईच्या खार भागातील ‘हॅबिटॅट’ या सभागृहाची मोडतोड झाली आणि ते बंद ठेवण्याची घोषणा करावी लागली. शंभर जणांत बोललेले वाक्य ध्वनिचित्रफितीद्वारे लाखोंपर्यंत जाते, तेव्हा त्या खोलीत ‘आपण’ या सर्वनामाने जोडलेले नाते बाहेर पोहोचत नाही. बाहेर पोहोचतो तो ‘तुम्ही’. विनोद आणि अपमान यांमधील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, सभागृहाचा आकार आणि विनोदाची भाषा यांचा कार्यकारणसंबंध आहे. दोन, हास्यगृहाची कला मराठीस परकी नाही. बतावणीची ती दूरची नातलग आहे, आणि मराठीची सर्वनामे तीस विशेष अनुकूल आहेत. तीन, या कलेत मराठीस निवेदकाचे स्थान मिळणे वा न मिळणे हे मराठीच्या गुणांवर जितके अवलंबून आहे तितकेच शंभर-दोनशे खुर्च्यांच्या सभागृहांच्या उपलब्धतेवर आहे.

भाषाभ्यासकांसाठी यातून एक कार्यही सूचित होते. बतावणीचे बहुतांश वाङ्मय नोंद न होताच लोपले. आज ध्वनिमुद्रणाची साधने सर्वांच्या हाती आहेत. एकाच वक्त्याचे एकच कथन लहान खोलीत, मोठ्या नाट्यगृहात आणि निरनिराळ्या गावांत कसे बदलते, सर्वनामे कोठे पालटतात, विराम किती लांबतात आणि हशा नेमका कोणत्या पदानंतर पिकतो, याच्या पद्धतशीर नोंदी वक्त्यांच्या अनुमतीने केल्यास जिवंत मराठीच्या वाक्यविचारास आजवर न लाभलेली सामग्री मिळेल. व्याकरण हे बहुधा ग्रंथांवरून लिहिले गेले आहे. त्याचा काही भाग भरलेल्या सभागृहात बसून लिहावयाचा राहिला आहे.